विहीर माझी, पाणी कोणाचे?

विहीर कोणाची आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते. बोअर कोणाच्या गटात पडला हेही तलाठ्याला विचारले तर कळते. पण त्या विहिरीत जे पाणी येते ते कोणाचे, हा प्रश्न तलाठ्याकडे नेण्याचा नाही, तो धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. आणि आपल्या खानदेशात तो फार निकडीचा झाला आहे. धुळ्याकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, जळगावकडे ७०० च्या आसपास. तोही चार महिन्यांतला, आणि खरे पाहता मोजक्या दिवसांतला. पुढचे आठ महिने आपण साठवलेल्यावर आणि जमिनीच्या पोटातल्यावर काढतो. ते पोटातले पाणी एकाचे की सर्वांचे, याचा निवाडा झाल्यावाचून बांध घाला, नाले खोल करा, ठिबकच्या नळ्या अंथरा, सगळे घडोघडी पुन्हा तिथेच येऊन थांबते.

सप्ताहाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हा विषय काढला की एक ना एक जण हटकून म्हणतोच, "महाराज, कर्ज मी काढलं, बोअर मी पाडला. दोनदा कोरडा गेला, तिसऱ्यांदा पाणी लागलं. तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. मग आता ते पाणी माझं नाही तर कोणाचं?"

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने कष्ट केले, जोखीम उचलली, त्याचा हक्क शास्त्रही नाकारीत नाही. शिवाय १८८२ च्या ईझमेंट कायद्याचे बळ त्याच्या पाठीशी आहे. जमिनीखाली ठराविक प्रवाहाने न वाहणारे पाणी ज्याच्या हद्दीत सापडेल, त्याने ते आपल्या हद्दीत उपसावे, असे तो कायदा म्हणतो. पुढे महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला आणि शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर पाडण्याला अटकाव घातला. पण कायदा पुस्तकात आणि बोअरची गाडी शिवारात, हे दृश्य आपण सगळेच पाहतो आहोत. म्हणून कायदा बाजूला ठेवून मूळ विचाराकडे वळू.

आम्ही पाठशाळेत धर्मशास्त्र शिकलो तेव्हा गुरुजींनी दोन शब्दांतला भेद फार बारकाईने समजावला होता. एक शब्द दान, दुसरा उत्सर्ग. दानात माझे स्वामित्व सुटते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. गाय दिली, माझी गेली, त्याची झाली. आता तळे, विहीर, पाणपोई यांची गोष्ट पाहा. विहीर खणून तिचे कोणी दान करीत नाही. तिचा उत्सर्ग करतात. उत्सर्गात माझे स्वामित्व सुटते, पण दुसऱ्या कोणा एकाचे उत्पन्न होत नाही. ते जल सर्व भूतांसाठी सोडलेले असते. मग शास्त्रकारांपुढे शंका आली की ज्याने विहीर खणली त्याने स्वतः त्या पाण्याला हात लावावा की नाही? दान दिलेली वस्तू परत घेणे तर दोष! निबंधकारांनी फार सुंदर उत्तर दिले आहे. सर्व भूतांमध्ये खणणाराही आलाच. तेव्हा त्याने अवश्य प्यावे, न्हावे, वापरावे. मात्र मालक म्हणून नव्हे, त्या सर्वांमधला एक म्हणून.

भाविकहो, इथे क्षणभर थांबा. पूर्वपक्षी म्हणाला, पाणी माझे. सिद्धांत त्याला असे सांगत नाही की पाणी तुझे नाही, तू तहानलेला राहा. सिद्धांत सांगतो की तुझा वाटा आहेच, पण तो वाटा आहे. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावर शिवारे तरतात आणि बुडतात.

याज्ञवल्क्य स्मृतीत आणखी एक विधी आहे. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करावयाचे झाले तर आधी तळाची मातीची पाच ढेकळे बाहेर काढावीत, मग न्हावे. मंडळी याला आचार म्हणून सोडून देतात. मला यात मोठा व्यवहार दिसतो. ज्या पाण्याचा उपभोग घ्यायचा त्याचा गाळ काढण्यात तुझा हात लागला पाहिजे. शंभर माणसे न्हाली तर पाचशे ढेकळे निघाली! आज गाळ काढायला यंत्र आणावे लागते, त्याची मंजुरी यावी लागते, आणि ती येईतो पाऊस येतो.

आणि नाथमहाराजांची कथा तर आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. कीर्तनात आपण ती भूतदयेची कथा म्हणून सांगतो. ती आहेच. परंतु ते पाणी एका अर्थी नाथांचे राहिलेच नव्हते. ते देवासाठी संकल्पिलेले होते. कष्ट नाथांचे, वाट नाथांनी तुडवलेली, आणि तरी त्यांनी माझे म्हणून धरून ठेवले नाही. सर्व भूते या शब्दात गाढवही बसते, हे त्यांनी करून दाखवले.

कोणी म्हणेल, महाराज, हे संतांना जमले, शेतकऱ्याला कसे जमावे? तर शेतकऱ्यांनीच ते करून दाखवलेले आहे, आणि दूर कोठे नाही, आपल्याच पांझरेच्या काठी. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर, तिला मिळणाऱ्या कान नदीवर, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवर दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावर जी व्यवस्था चालत आली तिला फड म्हणतात. तीनचारशे वर्षांची ही पद्धत. पिंपळनेर, सामोड्याकडच्या जुन्या माणसांना ती नव्याने सांगायला नको. पण तापीकाठच्या वाचकांपैकी अनेकांनी फड हा शब्द कुस्तीचा म्हणूनच ऐकला असेल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो.

नदीला बंधारा घालून पाणी अडवायचे असे नाही, ते वळवायचे. बंधाऱ्याच्या बाजूने कालवा निघतो. कोठे दोन किलोमीटर, कोठे बारा. कालव्यातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून शेतात. जास्तीचे पाणी सांडमातून परत नदीला. त्यामुळे खालच्या गावाच्या बंधाऱ्याला त्याचे पाणी मिळते आणि वरच्या गावाची जमीन चिबड होत नाही. बंधाऱ्याखालचे जे कायम बागायत, त्याचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. तेच फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, चौथा पडीत. पुढच्या वर्षी फिरत. म्हणजे जमिनीला विसावा आपोआप मिळतो.

आता यातली खरी खुबी पाहा. शेतकऱ्याची जमीन एका ठिकाणी एकगठ्ठा नसते. प्रत्येक फडात त्याची एक एक पट्टी असते. उसाच्या फडात त्याची पट्टी, गव्हाच्या फडात त्याची पट्टी, आणि पडीत फडातही त्याची पट्टी. तेव्हा पाणी कमी पडले आणि पंचांनी ठरवले की यंदा दोनच फड भिजतील, तर नुकसान एकट्या कोणाचे होत नाही. सगळ्यांचे थोडे थोडे जाते, सगळ्यांचे थोडे थोडे राहते. माझ्या मते हा कोणाही नैयायिकाच्या तोंडात बोट घालायला लावील असा न्याय आहे, आणि तो मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नसावे.

पाणी शेतकऱ्याने घ्यायचे नाही. ते पाटकऱ्याने द्यायचे. कोणाच्या पट्टीत कधी आणि किती, हे पाटकरी पाहतो. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, रात्रीची राखण जागल्याची. त्यांचा मेहनताना धान्याच्या रूपाने सगळे मिळून देणार. हंगामाआधी कालव्याचा गाळ काढायला प्रत्येक घरचे माणूस हजर. ती पाच ढेकळे इथे अशी निघत होती! मालक असून मालकाने पाण्याच्या दाराला हात लावायचा नाही, हे त्या गावांनी मान्य केले होते. उत्सर्ग म्हणजे दुसरे काय? तीर्थ सोडून मंत्र म्हटले नसतील, पण स्वामित्व सुटले होते.

ही व्यवस्था मोडली कशाने? एका कारणावर बोट ठेवणे बरोबर नाही. वर धरणे झाली, नदीचे वाहणे बदलले. उसाला भाव आला, तेव्हा ज्याच्या त्याच्या मनात आले की माझ्या चारही पट्ट्यांत ऊस का नको? जमिनीच्या वाटण्या होऊन पट्ट्या अरुंद झाल्या. पण मला विचाराल तर मोठा घाव घातला तो विहिरीवरच्या विजेच्या मोटारीने. मोटार लावल्यावर पाटकऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. बटण दाबले की पाणी. वाट पाहणे संपले तिथे पंचांकडे जाणेही संपले. आणि गंमत अशी की त्या विहिरीत येणारे पाणी बरेचसे बंधाऱ्याचे आणि कालव्याचेच झिरपलेले! सगळ्यांनी मिळून मुरवायचे आणि एकाने उपसायचे. काही बंधाऱ्यांवर फड अद्याप टिकून आहेत, पण पूर्वीचा जोर नाही.

आता तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी येऊ. चोपडा, यावल, रावेर, आपला केळीचा मुलूख. साक्रीकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी. इथे तसे नाही. इथे तापीने आणून टाकलेला गाळ खोल खोल गेलेला आहे, आणि सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याच्या गोट्या-दगडांत पाणी मुरवतात. म्हणून पूर्वजांना वाटले की हे पाणी अक्षय आहे. ते अक्षय नव्हते. सरकारी मोजण्यांत अति उपसा झालेल्या तालुक्यांमध्ये रावेर आणि यावल यांची नावे आली आहेत. विहिरी आटल्या, विहिरीत आडवे उभे बोअर मारले, ते आटले, मग नळकूप, मग आणखी खोल.

या केळीचा हिशोब एकदा साधा करून पाहावा. पाच फुटांवर पाच फूट लावली तर एकरात सतराशेच्या वर झाडे बसतात. वैशाखात एका झाडाला ठिबकनेही दिवसाला २० लिटर तरी लागते. म्हणजे एकराला रोज सुमारे ३५ हजार लिटर. टंचाईत सरकारी टँकरचा हिशोब माणशी दिवसाला २० लिटर धरतात. एक झाड आणि एक माणूस सारखेच! केळी लावू नये असे मी म्हणत नाही. ज्यांच्या बागांच्या पैशावर सप्ताह होतात, पंगती उठतात, आणि माझ्यासारख्याला नारळ-बिदागी मिळते, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु हा आकडा माहीत असून सांगायचा नाही, तर मग वीणा खाली ठेवलेली बरी.

ठिबकविषयी दोन शब्द. जळगावने ठिबक सगळ्या देशाला शिकवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पाटाने पाणी सोडण्यापेक्षा ते शतपटीने शहाणपणाचे. पण वाचलेल्या पाण्याचे आपण काय केले? तीन एकर भिजत होते तिथे ठिबकने पाच भिजवले. यंत्राने झाडाची गरज कमी केली, माणसाची हाव कमी करणारी नळी अजून निघायची आहे. खालची पातळी झाडागणिक पाणी मोजत नाही, ती एकूण उपसा मोजते.

आता दुसरा पूर्वपक्ष, जो पहिल्यापेक्षा अवघड आहे. शेतकरी म्हणतो, "महाराज, तुमचं पटलं. मी मोटार बंद ठेवतो. पण शेजारी बंद ठेवणार आहे का? मी सोडलेलं पाणी त्याच्या बोअरात जाणार. माझी बाग वाळली, त्याची पिकली. यात धर्म कोठे झाला?"

हे खोटे नाही. तापीकाठच्या गाळात सगळ्यांचे बोअर एकाच परातीत हात घातल्यासारखे आहेत. एकाने हात आखडला तर त्याचा घास दुसऱ्याच्या पोटात जातो, परात तेवढीच रिकामी होते. म्हणून एकट्याच्या वैराग्याने हा प्रश्न सुटत नाही, हे मी माळकरी मंडळींना मुद्दाम सांगू इच्छितो. आपल्याला वैराग्याची भाषा सोपी जाते. "मी सोडले" म्हणून मोकळे व्हायचे. इथे सोडून चालत नाही, बांधून घ्यावे लागते.

धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. ऋण, ठेव, सीमेचा तंटा, अशी. त्यांत एक आहे संविद्व्यतिक्रम. संविद म्हणजे गावाने, समूहाने मिळून केलेला करार, आणि त्याचे उल्लंघन हा स्वतंत्र गुन्हा. चोरीत तो धरला नाही, कर्जात धरला नाही, त्याला वेगळे नाव दिले आणि कडक शिक्षा सांगितली. म्हणजे प्राचीनांनाही कळले होते की काही गोष्टी एकट्याच्या पुण्याईवर सोडता येत नाहीत. दुसरा पाळील ही खात्री असेल तरच पहिल्याला पाळता येते. फडात ती खात्री पाटकरी देत होता. मोटारीच्या काळात ती देणारा कोणी उरला नाही, एवढीच खरी तूट आहे.

ती तूट भरून काढता येते. साक्री तालुक्यातच बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या मंडळींनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने आपले उजाड झालेले जंगल राखायचे ठरवले. नियम केले, झाड तोडील त्याला दंड लावला, आणि तो खरोखर वसूल केला. सुमारे ४४५ हेक्टर जंगल उभे राहिले. ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी नसे तिथल्या विहिरींचे पाणी पुढे शेजारच्या गावांनाही गेले. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे ना तापीचा गाळ, ना मोठे धरण. संविद होती आणि ती मोडणाऱ्याकडून दंड घेण्याची हिंमत होती. आपल्या मोठ्या, सधन, सुशिक्षित गावांत दंड मागायला जायचे म्हटले की आधी तो कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा, हे आडवे येते.

असो. फडाची मी एवढी वाखाणणी केली, तर त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते भाटाचे काम होईल. पाण्याचा वाटा होता, पण तो ज्याची पट्टी त्याला. ज्याला जमीन नाही त्याचे काय? जो जागल्या रात्रभर कालवा राखीत होता त्याला धान्य मिळे, पाण्यात वाटा नव्हे. कायम बागायतीच्या हद्दीबाहेरच्या कोरडवाहूवाल्याने तर काठावर उभे राहून पाहायचे. तेव्हा उत्सर्ग झाला खरा, परंतु सर्व भूतांपर्यंत पोहोचला नाही, शिवेच्या आत थांबला.

त्या शिवेपलीकडे पाऊल टाकण्याचा यत्न दूर पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनियराने १९७४ पासून नायगावला काम सुरू केले. त्यालाच पुढे पाणी पंचायत म्हणू लागले. त्यांनी पाणी जमिनीवर वाटलेच नाही, माणसांवर वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. कोणाची जमीन पन्नास एकर असली तरी तेवढेच. उसासारखे पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ज्याला मुळीच जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. निबंधकारांनी उत्सर्गात जे सांगितले, त्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या लोकांना हे अशक्य वाटते. पण आपणच दर आषाढीला ते भोगतो. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते, बुलढाणा, जालना, बीड असे दुष्काळी मुलूख तुडवीत महिनाभराने पंढरीस पोहोचते. वाटेतल्या किती विहिरींचे पाणी आपण पितो? तिथे कोणी विचारत नाही की सातबारा दाखवा. पंढरपुरात चंद्रभागेत जे स्नान घडते तेही पुष्कळदा उजनी धरणातून सोडलेल्या पाण्याचे. तेही कोणा शेतकऱ्यांच्या वाट्यातले. महिनाभर सर्व भूतांमधला एक होऊन चालणारा वारकरी घरी परतल्यावर विहिरीच्या मोटारीला कुलूप लावतो, आणि बाजूच्या वस्तीवरची बाई हंडा घेऊन आली तर आधी कोणाची कोण म्हणून विचारतो. सगळेच असे करतात असे नव्हे. पण करतात.

काय करता येईल असे मला विचारले जाते. मी काही इंजिनियर नाही. परंतु ज्या गावांत माझे जाणे-येणे आहे तिथे मी एवढे सुचवितो की आखाजीच्या आधी सगळ्या बोअरवाल्यांनी देवळात बसावे. प्रत्येकाने आपल्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते फळ्यावर लिहावे. खरे लिहावे. मग त्या आकड्यांकडे पाहून मृगबाग किती एकर लावायची ते ठरवावे, आणि पाहायला एक पाटकरी नेमावा. बैठकीला ज्याला विहीर नाही त्यालाही बोलवावे, आणि त्याला कडेला नव्हे, मध्ये बसवावे. फळ्यावर आकडे लिहिण्यालाच सर्वांत जास्त विरोध होतो, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्याला आपल्या विहिरीचे पाणी कळू नये असे वाटते.

आखाजीला आपण पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. त्याच दिवशी सालदाराचे नवे साल ठरते. पैसे किती, धान्य किती, कपडे, जोडे, सुट्ट्या किती, हे ओट्यावर बसून बोलले जाते. पाण्यात त्याचा वाटा किती, हे त्या बोलण्यात येत नाही.